एकवीस दिवसांत बारा कमी

माणसाची जात कागदावर असते, कोंबड्याची रक्तात. कागद फाटतो, रक्त फाटत नाही. या जगात शुद्ध म्हणून काही उरलं असेल तर ते असील कोंबड्याच्या अंगात उरलं आहे, आणि ज्या दिवशी ती शेवटची धार आटेल त्या दिवशी माणसानं आपण कोण हे सांगत फिरणंही सोडून द्यावं.

हे विचार जानरावांनी शिरपूर जैनहून मालेगावकडे निघालेल्या जीपच्या मागल्या बाकावर मांडले. ऐकायला सहा जण होते, आणि उतरायची सोय नसल्यामुळे त्यांचं पूर्ण लक्ष होतं. शेवटचा शब्द बाहेर पडतो न पडतो तोच जानरावांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीतून ती शेवटची धार शेजारच्या बाईच्या मेथीच्या जुडीवर पडली.

बाईनं मेथीकडे पाहिलं. मग पिशवीच्या भोकातून डोकं बाहेर काढून बसलेल्या कोंबडीकडे. मग जानरावांकडे.

"रगत नसन फाटत," ती म्हणाली, "पन तुमची पिशवी फाटली हाय, बावाजी."

मेथी जानरावांना विकत घ्यावी लागली. एरवी अशा प्रसंगी ते आणखी दोन वाक्यं बोलले असते. आज गप्प बसले, कारण पिशवीतली कोंबडी खरोखरच शेवटची होती.

श्रावणात कोंबड्यांची मानमोडीची साथ आली आणि आठ दिवसांत जानरावांच्या परसातले अकरा पक्षी घेऊन गेली. कोंबडा तिसऱ्या दिवशीच गेला. मान वाकडी करून तो जानरावांकडे असा बघत होता की जणू चूक त्यांचीच. लस टोचायची राहिली होती, त्यामुळे ती होतीच. उरली ही एक. वय तीन वर्षं. असील कोंबडी अंडी देण्याच्या बाबतीत मुळातच हात आखडता घेणारी. वर्षाकाठी तीस-पस्तीस दिली तर खूप, आणि तिसरं सरल्यावर देईलच याची हमी कुणी घेत नाही. दसरा होऊन चार दिवस झाले होते. कोंबडीचा तुरा लाल झाला होता, ती कोपऱ्यात बसून जागा चाचपत होती. आठवड्याभरात ती अंड्यावर येणार, हे जानरावांना कळत होतं. त्या अंड्यांत काही असणार की नाही, हा प्रश्न होता. कारण कोंबडा नव्हता.

त्या रक्ताचा कोंबडा साऱ्या वाशीम जिल्ह्यात एकच उरला होता. जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर तांडा आहे, तिथं बाबूसिंग राठोडच्या दारात. आणि आज संध्याकाळी चारला त्या तांड्यावर ट्रक लागणार होता. ऊसतोडीची टोळी सांगलीकडे निघणार, बाबूसिंग आणि हिरीबाई टोळीत, आणि कोंबडा ट्रकवर. फडावर कोंबडा टिकत नाही. कुत्र्यानं नेला नाही तर मुकादमाचा पाहुणा नेतो. मागच्या साली नेलेले तिन्ही तिकडेच राहिले होते.

म्हणजे काय करायचं ते आज चारच्या आत.

सोपं होतं. जायचं, कोंबडा तासाभरासाठी मागायचा, कोंबडी त्याच्यापुढं सोडायची. एकदा जमलं की दहा दिवसांच्या अंड्यांची सोय. यात अडचणी दोनच होत्या. पहिली अशी की जानराव आणि बाबूसिंग अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी एका यात्रेत पशुप्रदर्शन भरलं होतं. कोंबड्यांच्या विभागाला पंच म्हणून जानरावांना बसवलं, कारण त्यांना त्यातलं सगळ्यात जास्त कळत होतं. पहिलं बक्षीसही त्यांच्याच कोंबड्याला मिळालं, तेही त्याच कारणानं. बक्षीस होतं स्टीलची बादली. यात काही वावगं आहे असं पंचांना वाटलं नाही. बाबूसिंगला वाटलं. त्याचा कोंबडा उभा राहिला की खांद्यावरून उतार दिसायचा, मान दोरीसारखी, डोळा मोत्यासारखा पांढरा. समोरचा माणूस आपोआप टोपी नीट करायचा. बाबूसिंगनं विचारलं, "माह्यात खोट काय?" जानरावांनी कोंबड्याच्या पायाची नळी दोन बोटांत धरली, हिरवट आहे, म्हणजे भेसळ, म्हणाले, आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं बोलले.

"तांड्यावर कुंपन कुठं असते? कोनाचं कोन, त्याचं त्यालेच नाई मालूम."

ते कोंबड्याबद्दल बोलले होते. ऐकायला तांडा उभा होता.

बाबूसिंगनं कोंबडा उचलला आणि निघून गेला. जानरावांना हेही माहीत होतं की पन्नास वर्षांपूर्वी या बाबूसिंगच्या बापानं, फुलसिंगनं, जानरावांच्या बापाला सात अंडी अर्ध्या वाट्यानं दिली होती. अर्धी पिल्लं परत करायची, अर्धी ठेवायची. जानरावांच्या परसातली सगळी शुद्धता त्या सात अंड्यांतून निघाली होती. ही गोष्ट जानरावांनी कधी नाकारली नाही. कुणी विचारलीच नाही.

ही झाली पहिली अडचण. दुसरी नऊ दिवसांपूर्वीची होती.

असील राखणाऱ्याचा एक नियम आहे, आणि बाकी सगळे नियम त्याच्या नंतरचे. कोंबडीला एका कोंबड्याचा संग झाला की त्याचं तिच्या पोटात तीन आठवडे राहतं. म्हणून कोंबडा बदलायचा असेल तर आधी कोंबडी एकवीस दिवस सुनी ठेवायची. कुणाचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही. पशुवैद्यक आता हे पुस्तकातून सांगतात. फुलसिंग बाजेवर बसून सांगायचा. जानरावांनी श्रावणापासून कोंबडीला जाळीत ठेवलं, जाळीला दार केलं, दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली जानव्याला बांधतात तशी करदोट्याला बांधली.

नऊ दिवसांपूर्वी ते रिसोडला बारशाला गेले तेव्हा किल्ली बायकोकडे, रुख्मिणीबाईंकडे होती. त्यांनी दाणे टाकायला दार उघडलं, तेवढ्यात फोन वाजला, त्या घरात गेल्या. शेजारच्या रामधनचा कोंबडा भिंतीवर बसलेला होता. पांढरा, लठ्ठ, कुठल्याशा योजनेतून मिळालेला. योजनेतला असल्यामुळे कुठंही शिरायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटे.

जानराव परत आले तेव्हा कोंबडीच्या पाठीवरचं एक पीस उलटं झालेलं होतं.

"दोन मिनटं तं होता तो आंदर," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"दोन मिनटं लय होते."

"तुमी पाह्यलं का काही?"

"तू पाह्यलं का?"

"मी फोनवर होती."

म्हणजे पाहिलं कुणीच नव्हतं. कोंबडीला माहीत होतं आणि रामधनच्या कोंबड्याला. आज सकाळी निघताना रुख्मिणीबाईंनी पिशवीचं तोंड बांधता बांधता सांगितलं होतं, "तो इचारन किती दिसाची सुनी हाय. तीन हप्ते झाले मनून सांगजा. कोंबडी काही उठून बोलत नाई."

मालेगावला जीप बदलताना, जऊळक्याला उतरताना आणि उन्हात दोन कोस चालताना जानरावांनी मनातल्या मनात 'एकवीस' हा शब्द बऱ्याच वेळा म्हणून पाहिला. चालताना तो चांगला निघत होता.

तांड्यावर पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. दारोदारी गाठोडी बांधून ठेवलेली. पत्रे दोरीनं कसलेले, दारांना साखळ्या. एका घरापुढं गॅसची शेगडी उलटी करून वाळत ठेवली होती. तांड्याचा नायक गोविंदसिंग, सत्तरीचा, यंदा टोळीत नसल्यामुळे बाजेवर बसून सगळ्यांना कसं बांधायचं ते सांगत होता. त्यानं जानरावांना लांबूनच ओळखलं आणि काहीच बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून बाकीचेही बोलायचे थांबले.

बाबूसिंग दारात उकिडवा बसून कोयत्याला धार लावत होता. त्याच्या मागं, लिंबाच्या बुंध्याला पायात चिंधी बांधून, कोंबडा उभा होता.

जानरावांना क्षणभर आपण कशासाठी आलो ते सुचेना. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या कोंबड्याचा हा नातू असावा. तीच मान, तोच खांद्यावरचा उतार, गालाखाली लोंबतं काही नाही, तुरा वाटाण्याच्या दाण्याएवढा. नळ्या जाड आणि पिवळ्या. हिरवट कुठंच नव्हत्या.

"राम राम, बाबूसिंग."

कोयता दगडावरून दोनदा गेला आणि आला.

"या पाटील," बाबूसिंग म्हणाला. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले. तेव्हा तो 'जान्या' म्हणायचा. "कोनाच्या मयतीले चाल्ले?"

"तुह्याकडंच आलो."

"आमी सारे जितेच हाओ."

हिरीबाई घरातून परात घेऊन बाहेर आली. जानरावांना पाहून तिनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली, पाण्याचा लोटा आणून ठेवला आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "चार वाजता टरक लागते. भांडन कराचं असन तं लवकर करा. सामान माह्या एकटीच्यानं नाई उचलत."

जानरावांनी पाणी प्यायलं. उभ्यानंच प्यायलं, कारण बस कुणी म्हटलं नव्हतं. मग पिशवी जमिनीवर ठेवली. कोंबडीनं भोकातून डोकं काढलं. लिंबाखालचा कोंबडा एक पाय उचलून थांबला.

बाबूसिंगचा कोयताही थांबला.

"मानमोडीनं सारं नेलं," जानराव म्हणाले. "हे एक राह्यली. कोंबडा नाई."

"मंग?"

"तुह्यापाशी हाय."

"माह्यापाशी भेसळ हाय, पाटील. नळ्या हिरव्या हायेत आमच्या."

गोविंदसिंग नायकानं बाजेवरून पाय खाली घेतले. दोन बाया गाठोडं बांधता बांधता गाठ तशीच धरून उभ्या राहिल्या.

जानरावांनी या वाक्याची तयारी केली होती. उत्तरही तयार होतं, जुन्या गोष्टी जाऊ दे, म्हणून. पण इथं त्या गोष्टी जुन्या दिसत नव्हत्या. रोज झाडूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारख्या दिसत होत्या.

"एक घंटा सोड त्याले," ते म्हणाले. "पयलं पिल्लू तुहं. रीतीनं."

रीत खरीच होती. कोंबडा ज्याचा, अंड्यातून पहिलं निघालेलं पिल्लू त्याचं. मग ते कसंही निघो. बाबूसिंगनं कोयता बाजूला ठेवला. हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदा जानरावांकडे न बघता पिशवीकडे बघितलं.

"आन इकडं."

इतक्या सहज होईल असं जानरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी कोंबडी काढून दिली. बाबूसिंगनं ती कुणी तान्हं पोर घ्यावं तशी घेतली. छातीचं हाड बोटानं पाहिलं. पंख उलगडून बगल पाहिली. डोळ्यासमोर डोळा धरला. नळीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश. फुलसिंग असाच फिरवायचा. जानरावांना हे बघताना बरं वाटत होतं आणि त्याच वेळी ते मनात पुन्हा 'एकवीस' म्हणत होते. कारण आता पुढं काय येणार ते त्यांना ठाऊक होतं.

"हे आमची हाय," बाबूसिंग हळू आवाजात म्हणाला. "माह्या बापाच्या हातची हाय." मग त्यानं ती नायकाकडे नेली. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, कोंबडीकडे बघितलं, चष्मा काढला आणि मान हलवली.

"माह्यापाशी एकही कोंबडी नाई या रक्ताची," बाबूसिंग म्हणाला, अजून कोंबडीकडेच बघत. "चार साल झाले. कोंबडा एकटाच फिरते. कोनाले सांगावं?" शेवटचं वाक्य जानरावांसाठी नव्हतं, पण तिथं दुसरं कुणी नव्हतं ज्याला ते सांगण्यात अर्थ होता.

मग लिंबाखाली परत येऊन त्यानं मान वर केली.

"सुनी किती दिसाची हाय?"

लांब, जऊळक्याच्या बाजूनं, एका ट्रकचा भोंगा वाजला. दोन बायांनी हातातली गाठ पटकन मारली. नायक म्हणाला, "आला. लवकर आला." तांड्यावर एकदम धावपळ सुरू झाली. लिंबाखाली उभे असलेले चौघं मात्र जागचे हलले नाहीत. जानराव, बाबूसिंग, परात घेतलेली हिरीबाई आणि तो कोंबडा.

जानरावांना खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही. पीक विम्याच्या साहेबाशी, व्याह्यांशी, रुख्मिणीबाईंशी ते प्रसंगानुसार बोलत. शिवाय हे खोटं इतकं सुरक्षित होतं की त्याला खोटं म्हणणंही कठीण. संध्याकाळी बाबूसिंग सांगलीच्या रस्त्याला लागणार. अंडी शिरपूरला फुटणार. पिल्लांत एखादं पांढरं, लठ्ठ निघालं तर ते बघणारे जानराव एकटे. त्याला रात्रीत मांजरानं नेलं म्हणता येईल. बाकीची तर चांगलीच निघतील ना. निघतीलच. त्यातली कुठली चांगली आणि कुठली नुसती दिसायला चांगली, हे जानरावांनाही कळणार नाही. कधीच कळणार नाही. पहिलं पिल्लू ते चैत्रात बाबूसिंगच्या हातात देतील, बाबूसिंग त्याच्या नळीवरून असाच अंगठा फिरवेल, आणि त्याच्या बापाच्या हातचं समजून ते वाढवेल.

"एक..." जानराव म्हणाले.

ट्रक वळणावर दिसला. मागं धुळीचा लोट.

"एकवीस?" बाबूसिंगनं विचारलं. त्याच्या आवाजात काही होतं. ते संशयाचं नव्हतं. तो संशय असता तर जानरावांना सोपं गेलं असतं. त्याला ते एकवीसच हवे होते.

"नऊ," जानराव म्हणाले.

हिरीबाईच्या हातातली परात खाली टेकली.

"एकवीस दिसात बारा कमी हायेत, बाबूसिंग. नऊ दिसाआगुदर रामधनचा कोंबडा आंदर गेल्ता. योजनेतला. पांढरा."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. तांडा हसला नाही. बाबूसिंगनं कोंबडी जानरावांच्या हातात परत दिली. टाकली नाही, नीट दिली, पाय आवळून, डोकं आत करून. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कुंपन नवतं का, पाटील?"

"होतं."

"जाळी?"

"होती."

"कुलूप?"

"तेबी होतं."

"मंग?"

"दार उघडं राह्यलं."

"कोनाच्यानं?"

जानरावांनी क्षणभर रिसोडच्या बारशाचा, फोनचा आणि रुख्मिणीबाईंचा विचार केला.

"माह्याच्यानंच," ते म्हणाले. दिवसभरात जमलेलं एवढं एकच खोटं. तेही चुकीच्या जागी खर्च झालं.

ट्रक तांड्यात शिरला. मुकादम केबिनमधून उतरला आणि कुणाचंही काही न बघता हाका मारू लागला. गाठोडी वर जाऊ लागली. बाबूसिंगकडे बघून मुकादमानं हात उंचावला. बाबूसिंगनं त्याला तळहात दाखवला. थांब. मुकादमाला थांब म्हणायची तांड्यावर पद्धत नव्हती. तो चक्क थांबला.

"तवा काय मनलं होतं तुमी?" बाबूसिंग जानरावांना म्हणाला. "यात्रेत. मले मालूम हाय, पन या लोकायले आयकू द्या. तवा मोठ्यानं मनलं होतं."

जानरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला तसं फारसं कारण मिळत नाही.

"म्या मनलं होतं, तांड्यावर कुंपन कुठं असते. कोनाचं कोन."

"हाव."

"म्या ते कोंबड्याले मनलं होतं, बाबूसिंग."

"कोंबड्याच्या जागी आमी उभे होतो."

जानरावांनी कोंबडी काखेत घेतली, टोपी काढली आणि तोंड नायकाच्या बाजेकडे केलं.

"नळ्या पिवळ्याच होत्या," ते मोठ्यानं म्हणाले. "कोंबडा असलच होता. माह्यापेक्षा चांगला होता, मनून बोललो. बक्षीस जाईन मनून बोललो."

"काय होतं बक्षीस?" नायकानं विचारलं.

"बादली."

"पितळची?"

"स्टीलची."

नायकानं बराच वेळ विचार केला. "स्टीलची," तो स्वतःशीच म्हणाला आणि बाजेवर पाय वर घेऊन बसला, जणू निकाल लागला.

जानरावांनी कोंबडी पिशवीत घातली. भोकाला रुमाल कोंबला. साडेपाचला स्टेशनाकडून जीप मिळाली असती. कोंबडीला अजून बारा दिवस सुनी ठेवायचं आणि मग ती कुणासाठी सुनी ठेवली हे विसरून जायचं, एवढंच उरलं होतं. ते वळले.

"उभा राय," बाबूसिंग म्हणाला.

'पाटील' नव्हतं यात. जानराव उभे राहिले.

बाबूसिंग लिंबापाशी गेला. कोंबड्याच्या पायातली चिंधी सोडायला त्याला वेळ लागला. गाठ साधी होती. कोंबडा सुटला तरी हलला नाही. बाबूसिंगनं त्याला उचललं, त्याची मान आपल्या गळ्याला लागू दिली, आणि मुकादम बघतोय हे बघून पाठ फिरवली.

"बारा दिस मी नाई थांबू शकत," तो म्हणाला. "टरक नाई थांबत. कोंबडा थांबू शकते."

जानरावांना नीट ऐकू आलं होतं, तरी ते म्हणाले, "काय मनतं?"

"घेऊन जाय त्याले. बारा दिस येगळा ठेव. नजरेसमोर नोको ठेवू, कोंबडी अंग चोरते. त्याच्या आगुदरचे अंडे खाऊन टाक, तेराव्या दिशी सोड. लस टोच पयले, मंग बाकीचं. बाजरी देत जाय, मका कमी. चैत्रात मी आलो का कोंबडा माहा, पयलं पिल्लू माहं, बाकी तुहे. पिल्लं कमी निघाले तरी कोंबडा मात्र..." पुढचं त्यानं कोंबड्याच्या पिसात पुसलं.

"जिवापाड," जानराव म्हणाले. आणखी काही म्हणायला गेले असते तर जीपमधल्यासारखं झालं असतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर कळलं.

हिरीबाईनं कुठून तरी झाकणाचं टोपलं आणून पुढं केलं. बाबूसिंगनं कोंबडा त्यात ठेवला, झाकण दाबलं, दोरीनं बांधलं, आणि टोपलं दोन्ही हातांनी जानरावांच्या डोक्यावर चढवून दिलं. लग्नात रुखवत चढवतात तसं. एका हातात पिशवी, डोक्यावर टोपलं. जानराव तांड्याच्या मधल्या वाटेनं निघाले. चढणाऱ्या बायांनी वाट दिली. ट्रकवरची पोरं बघायला वाकली. मुकादमाचं तोंड उतरलं होतं. फडावरचा एक जेवणाचा बेत आपल्या डोळ्यांदेखत शिरपूरला निघाला, हे त्याच्या लक्षात येत होतं.

जानरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोक्यावर टोपलं असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी सात अंडी याच वाटेनं गेली असतील. अकरा वर्षांचं काही तरी अंगावरून उतरत होतं आणि त्या जागी बारा दिवसांची काळजी चढत होती. ते तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत आले.

"जान्या," मागून हाक आली.

अख्खा तांडा थांबला. ट्रकचं इंजिनसुद्धा त्या क्षणी बंद पडलं. जानराव टोपलं सांभाळत सावकाश वळले. बाबूसिंग ट्रकच्या मागल्या फळीवर एक पाय ठेवून उभा होता. त्याच्याशेजारी हिरीबाई, तिच्या दोन्ही हातांत तवा, परात, कढई आणि पळी. बाबूसिंगनं घसा साफ केला. जानरावांनी श्वास धरला. अकरा वर्षांत जे ऐकायचं राहिलं होतं ते आता येणार, आणि ते ऐकण्याच्या लायकीचे आपण आहोत की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"कोंबडा काखेत धरून घे, बावा," बाबूसिंग म्हणाला, "अन् टोपलं तेवढं वापस दे. हिरीचे भांडे त्याच्यातच बसते."